पोरक्या टेंडरांच्या कर्णिकबाई

"भाऊ, तुमच्या ओळखीत कोणी बदकांची पिल्लं पुरवतं का हो?"

कोपर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत एक बाई पुढच्या माणसाला विचारत होत्या. तो ऑफिसला निघालेला, गळ्यात पट्टा, कानात वायर. त्याने एका कानातली वायर काढली.

"काय पाहिजे?"

"बदकांची पिल्लं. तिकडे गडचिरोलीला हवी आहेत. सरकारलाच हवीत, घाबरू नका. दुसरी मुदतवाढ झाली बिचाऱ्याला, अजून कोणी भरलेलं नाही."

माणसाने वायर परत कानात घातली आणि समोर आलेली रिक्षा सोडून चालत सुटला. बाई मागे वळल्या. मागे मी. आडनाव गावडे, पण मला सगळे मेस्त्रीच म्हणतात.

"मेस्त्री, तुमच्या गावाकडे असेल की कोणीतरी?"

या आमच्या कर्णिकबाई. सुलभा कर्णिक. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर. मी असा सहजासहजी कोणाला मान देत नाही, हे बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा. पण या बाईबद्दल मला लिहायचंच होतं. माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलेलं, पण शाळा लांब होती आणि नांगर जवळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, माणूस बघा.

आधी टेंडर म्हणजे काय ते सांगतो, कारण सत्तरी उलटेपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. सरकारला काही घ्यायचं असलं, मग ती सुई असो की पूल, तर सरकार पिशवी घेऊन बाजारात जात नाही. जाहिरात देतं. आम्हाला अमुक माल हवा, असा असा हवा, या तारखेपर्यंत तुमचा दर कळवा. पूर्वी हे पेपरात मुंगीएवढ्या अक्षरात यायचं आणि लोक दराची पाकिटं लाखेने बंद करून पेटीत टाकायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर. सरकारचं पोर्टल आहे, ते कोणीही उघडावं, कोणीही वाचावं, फुकट. पण फुकट असून वाचतं कोण? ज्याचा धंदा तो वाचतो, तोही आपल्या मालापुरतं. सगळी टेंडरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी जन्मात एकच बघितला.

कर्णिकबाई रोज सकाळी आंघोळ करून, वेणीफणी करून, चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतात. कॉम्प्युटरवर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. तो घडी करून बाजूला ठेवायचा, पोर्टल उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं. मनात नाही, मोठ्याने. खिडकी जिन्याच्या वाटेवर. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधला माणूस दूध आणायला खाली उतरला की त्याला अख्खा महाराष्ट्र कळतो. कुठे पोलिसांच्या घोड्यांना नाल मारायचे आहेत, कुठे माकडं पकडून जंगलात सोडायची आहेत, कुठे न्यायालयाला पंखे हवेत. दूधवाला सायकल लावून ऐकत उभा राहतो. म्हणतो, बाई, काल त्या माकडांचं काय झालं?

त्यांची सगळी नोकरी ठाण्यात एका सरकारी खात्याच्या भांडार विभागात झाली. "दुसऱ्यांची पाकिटं उघडण्यात जन्म गेला माझा," असं त्या म्हणतात. कर्णिकसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळूरला, सुखात आहे. रिटायर झाल्यावर बायका देवाचं करतात, भिशी लावतात. बाईंना टेंडराचं वेड लागलं. वेड म्हणजे किती, तर माणसंसुद्धा त्या टेंडराच्याच मापाने मोजायच्या. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की विचारणार, "पहिलं पाकीट बघितलंत का?" म्हणजे मुलाचा स्वभाव, घरदार, लायकी. पगार दुसऱ्या पाकिटात. पहिल्यात पास झाला तरच दुसरं उघडायचं, असा सरकारी नियम आहे. बाई म्हणतात, "लोक दुसरं आधी उघडतात आणि मग जन्मभर रडतात."

हा धडा त्यांनी आम्हाला गणपतीत शिकवला. सोसायटीच्या गणपतीला मोदक करून घ्यायचे होते. करणाऱ्या बायका तीन, आणि प्रत्येकीचं कोणी ना कोणी कमिटीवर. भांडण नको म्हणून बाईंनी बंद पाकिटं मागवली. सगळ्यांसमोर उघडली, सगळ्यात कमी दर जिचा तिला काम. मोदक आले. सुंदर दिसत होते. फोडला तर आत सारण शोधावं लागत होतं. चेअरमन ओरडले, "बाई, हा काय प्रकार?" बाई जराही डगमगल्या नाहीत. "चूक आपली आहे. सारण किती हवं, हे आपण अटीत लिहिलंच नव्हतं. तिने अट मोडलेली नाही." पुढच्या वर्षी पहिल्या पाकिटात नमुन्याचा मोदक मागवला. कमिटीतले सगळे अचानक तपासणी समितीत यायला तयार झाले. तेव्हापासून आमच्या गणपतीचे मोदक कळव्यापर्यंत प्रसिद्ध आहेत.

पण हे सगळं वरवरचं. बाईंचं खरं काम वेगळं. ज्या टेंडरावर मोठे ठेकेदार तुटून पडतात, त्याकडे त्या बघतही नाहीत. "त्याला काय, त्याचं लग्न ठरलेलंच आहे." त्यांचा जीव अडकतो तो जे कोणीच भरलं नाही अशा टेंडरात. माल थोडा, गाव लांब, मग कोण जातो? मुदत वाढते, परत वाढते, शेवटी टेंडर रद्द होतं. अशी मुदतवाढ स्क्रीनवर दिसली की बाईंचा आवाज उतरतो, जसं कोणाच्या घरी आजारपण आहे. मग त्या घराबाहेर पडतात आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत विचारत सुटतात. तुमच्या ओळखीत कोणी घोड्याचे नाल मारतं का? शवपेट्या कोण करतं? सापडला माणूस की त्याला धरून आणून, कॉम्प्युटरसमोर बसवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायला शिकवायचं. बदकवालाही त्यांनी काढलाच. भिवंडीकडचा एक कोंबडीवाला. तो म्हणत होता मला बदकातलं कळत नाही. बाई म्हणाल्या, "कोंबडीच ती, फक्त पोहते." आणि त्या माणसाने पिल्लं पोचवली हो, खरंच पोचवली.

लोक म्हणायचे, कमिशन खात असेल. मीही तसंच धरलेलं. एकदा तोंडावर विचारलं, मला मागून बोलायची सवय नाही. "बाई, तुम्हाला यातून काय मिळतं?"

त्यांना राग नाही आला. म्हणाल्या, "मेस्त्री, टेंडर म्हणजे काय? कोणीतरी काहीतरी मागतंय. लाज सोडून, छापून मागतंय. आणि अख्ख्या राज्यात कोणी हूं म्हणत नाही. बरं दिसतं का ते?"

त्या दिवसापासून मी कमिशनचं नाव काढलं नाही.

आता माझी गोष्ट. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिल, कपाटं, दवाखान्यांचे आणि लॉजचे पलंग. माझ्या वेल्डिंगचा सांधा सुटत नाही. लोखंड तुटेल, सांधा नाही. आणि माझी एक शपथ होती, सरकारी काम करायचं नाही. साहेबाच्या दारात उभं राहायचं, हात जोडायचे, हे आपल्याला जमणारं नाही.

एका रविवारी दुपारी बाई आमच्याकडे वर आल्या. जिने चढून दम लागलेला. माझ्या बायकोने, सुशीलाने, पाणी दिलं. पाणी हातात तसंच ठेवून बाई म्हणाल्या, "मेस्त्री, पलंग करता ना तुम्ही?"

"करतो. सरकारी करत नाही."

"मी अजून सरकारी म्हटलंच नाही."

"तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

मग त्यांनी सांगितलं. शहापूरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक आश्रमशाळा आहे. मुलींचं वसतिगृह. मुली जमिनीवर झोपतात. पलंगांना मंजुरी मिळाली, पैसे आले, टेंडर निघालं. कोणी भरलं नाही. पुन्हा निघालं. पुन्हा कोणी नाही. आता तिसऱ्यांदा निघालंय, आणि मार्च जवळ आलाय. मार्चअखेरच्या आत ऑर्डर निघाली नाही तर मंजूर पैसे सरकारात परत जातात. मग पुन्हा मागणी, पुन्हा मंजुरी. तोवर मुली जमिनीवर.

"पण पलंगाला माणूस का मिळू नये?" मी विचारलं. "पलंग करणारे गल्लोगल्ली आहेत."

बाई आता पाणी प्यायल्या. "कारण ते पलंग चाऱ्यात आहेत."

"कशात?"

"चाऱ्यात. जनावरांच्या. पोर्टलवर प्रत्येक टेंडराला एक वर्ग द्यावा लागतो. फर्निचर, औषधं, बांधकाम, असा. तिथल्या कोणीतरी आधीच्या चाऱ्याच्या टेंडराची नक्कल करून नवीन भरलं आणि वर्ग बदलायचा राहिला. पलंगवाला फर्निचरमध्ये शोधतो, त्याला दिसत नाही. चारावाल्याला दिसतं, तो म्हणतो हे माझं नाही. मी सगळं वाचते म्हणून मला सापडलं. फोन केला त्यांना. तो मुलगा म्हणतो, मॅडम, असं होऊच शकत नाही."

सुशीला हसायला लागली. बाई हसल्या नाहीत.

मी म्हटलं, "हे बघा बाई, मी कोणापुढे हात जोडत नाही."

सुशीला आतून म्हणाली, "त्यांचे हात देवापुढेसुद्धा अर्धेच जुळतात. ह्यांका सांगान काय उपेग नाय."

"जोडायचेच नाहीत," बाई म्हणाल्या. "ऑनलाइनचं तेवढंच तर सुख आहे. तुम्ही घरी, साहेब ऑफिसात, मध्ये कॉम्प्युटर. तो ना हात बघतो ना तोंड. अटी पूर्ण, दर योग्य, संपलं."

मी अजून नाहीच म्हणत होतो. तेव्हा बाईंनी चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "बरं. मी कल्याणला बघते कोणीतरी. तिथले कारागीरही चांगले आहेत म्हणतात."

कल्याणचे! मी उठलोच.

पुढचे दिवस मी बाईंच्या घरी शाळेत बसावं तसा बसलो. माझ्या धंद्याची सरकारदरबारी लहान उद्योग म्हणून नोंद करून घेतली. ती असली की भरवशापोटी जी रक्कम आधी ठेवावी लागते, ती माफ होते. मला कोणी बोललंच नव्हतं इतकी वर्षं. मग डिजिटल सही. ती पेन ड्राइव्हसारखी एक डबी असते, कॉम्प्युटरला लावायची आणि पासवर्ड मारायचा, की झाली सही. मी म्हटलं, माझी सही माझ्या हातात आहे, ती डबीत कशी? बाई म्हणाल्या, "हाताची सही कोणीही गिरवतो. डबी कोणाला गिरवता येत नाही."

सगळ्यात मोठं भांडण झालं ते हमीपत्रावरून. स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, की मला कोणत्याही सरकारी खात्याने काळ्या यादीत टाकलेलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मी चोर नाही, हे मीच लिहून द्यायचं? आणि तेही स्टॅम्प पेपर विकत घेऊन?"

"हो."

"नाही देणार."

"मेस्त्री, मुलगी बघायला गेलात तेव्हा सुशीलावहिनींच्या वडिलांनी विचारलं असेल, दारू पितो का?"

"विचारलेलं."

"मग? उठून आलात?"

सुशीला तिथेच होती, काही कामाने आलेली. म्हणाली, "उठलेले. माझ्या मामाने खांद्याला धरून खाली बसवलं."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढ्यात पेन ठेवलं. मी सही केली. हाताने, डबीने नाही.

मग एक अट अशी निघाली की तिथेच सगळं अडलं. पुरवठादाराला सरकारी कामाचा अनुभव हवा. माझ्याकडे लॉजवाल्याची पत्रं होती, दवाखान्याची होती, सरकारचं काहीच नाही. मला वाटलं, सुटलो. बाईंना वाटलं, आता मजा आहे. टेंडर भरायच्या आधी एक बैठक असते. ज्याला शंका असेल त्याने येऊन विचारायची, आणि शंका रास्त असेल तर साहेब अट बदलू शकतात. तिथे जायला सगळ्यांना परवानगी असते पण जात कोणी नाही. बाई ठेवणीतलं पातळ नेसून निघाल्या.

कार्यालयात साहेब होते, एक क्लार्क होता, आम्ही दोघं होतो आणि कोपऱ्यात एक धोतरवाला व्यापारी. साहेबांनी विचारलं, कोणाला काही शंका?

व्यापारी उभा राहिला. "साहेब, कडबा सुटा पाहिजे का पेंढ्या बांधून?"

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "कसला कडबा?"

"चारा. मुरबाडहून आलो. चाऱ्याच्या यादीत बघितलं, म्हटलं दोनदा कोणी भरत नाही तर आपण भरू."

"अहो, हे मुलींच्या पलंगांचं आहे!"

"तेच म्हणतो मी," व्यापारी म्हणाला, "आत पलंग लिहिलंय. मला वाटलं, बैलांना पलंग म्हणजे काहीतरी नवीन योजना असेल."

क्लार्कने कॉम्प्युटर उघडला. बघितलं. आणि त्याचा चेहरा पडला. साहेबांनीही वाकून बघितलं. बाईंनी 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना मानतो. मी असतो तर म्हटलंच असतं.

साहेब म्हणाले, "आता वर्ग दुरुस्त करायचा तर हे रद्द करून नवीन काढावं लागेल. मार्चच्या आत होत नाही ते."

"दुरुस्त नका करू," बाई म्हणाल्या. "चाऱ्यातच राहू द्या. पलंगवाला मी बरोबर आणलाय. फक्त एक शंका आहे. सरकारी काम केल्याशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभव असल्याशिवाय सरकारी काम मिळत नाही. मग पहिलं काम माणसाने करायचं कुठे?"

साहेब हसले. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. खाजगी कामाचा अनुभवही चालेल, असं शुद्धिपत्रक त्यांनी काढलं. तिसरी वेळ असल्याने एकच भरणारा आला तरी चालतो, असा नियमही आहे, हे बाईंनी येताना मला सांगितलं. धोतरवाला आमच्याबरोबरच बाहेर पडला. बाईंनी त्याला तिथल्या तिथे वाशीमकडच्या एका गोशाळेचं टेंडर सांगितलं. मुदत अजून होती.

शेवटी दर भरायचा दिवस आला. मी डबी लावली, पासवर्ड मारला. दराचा रकाना समोर आला, तशा बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"बाई, कुठे चाललात?"

"दर तुमचा. मला कळता कामा नये. कोणालाच कळता कामा नये."

सुशीला माझ्या कानाशी म्हणाली, "दुसरा कोणी भरणारा नाही. जरा चढवा की."

आतून आवाज आला, "वहिनी, दाराला फट आहे! मला ऐकू येतंय! मी नळ सोडते!" आणि खरंच नळ सोडला. पाण्याचा आवाज येत राहिला. मी काय केलं ते सांगतो. डोंबिवलीतल्या लॉजवाल्याला जो दर दिलेला तोच टाकला, वर टेंपोचं भाडं. लॉजमध्ये झोपणाऱ्यापेक्षा शाळेतल्या पोरीकडून जास्त घ्यायचं, हे माझ्या हाताला जमणार नाही.

टेंडर उघडायच्या दिवशी बाईंनी मला इस्त्रीचा शर्ट घालून बोलावलं. घरचं कार्य असावं तशी देवापुढे समई लावलेली. स्क्रीनवर एकच नाव. माझं. गावडे फॅब्रिकेशन. पहिलं पाकीट उघडलं, मंजूर. काही दिवसांनी दुसरं, तेही मंजूर. मार्च सरायच्या आत ऑर्डर हातात आली. बाईंनी साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली. मग लगेच स्क्रीनकडे वळल्या. "बरं, चंद्रपूरला वाचनालयाच्या शिड्या हव्या आहेत. शिड्या करता का?"

एप्रिलात, शाळेच्या परीक्षा चालू असतानाच पलंग तयार झाले. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, चला बरोबर. तर नको म्हणाल्या. इतकी पोरकी टेंडरं त्यांनी मार्गी लावली, पण त्यातला एकही माल त्यांनी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. बदकं नाहीत, नाल नाहीत, काही नाही. स्क्रीनवर काम दिल्याचं दिसलं की पुढचं टेंडर. "मी तिऱ्हाईत बाई. मी येऊन काय करू? कोण म्हणून सांगणार?" मी म्हटलं, कोण म्हणूनही सांगू नका, पण टेंपोत बसा. मी हट्टाला पेटलो की कसा असतो ते सुशीलाला ठाऊक आहे. बाईंनाही कळलं. छत्री, पाण्याची बाटली आणि अटींचा कागद घेऊन केबिनमध्ये बसल्या आणि शहापूरपर्यंत ड्रायव्हरला अटी वाचून दाखवल्या.

वसतिगृह म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंनी खिडक्या. पलंग आत गेले आणि मुलींनी जो गलका केला, काय सांगू. खिडकीजवळचा कोणाचा, पंख्याखालचा कोणाचा. "ए, मी आधी हात लावला!" "हात लावून होत नाही, बसावं लागतं!" एक मुलगी पलंगाखाली शिरून झोपली आणि म्हणाली, हा मजला माझा. अधीक्षिकाबाई पावतीवर सही करायला कागद शोधत होत्या. मी पाना घेऊन बोल्ट आवळत फिरत होतो.

बाई दारात उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून. मग आत आल्या. अटींचा कागद उघडून अधीक्षिकाबाईंना म्हणाल्या, "मोठ्या माणसाचं वजन पेललं पाहिजे आणि कुरकुर होता कामा नये, असं यात आहे. तुमची हरकत नसेल तर मी आडवी होऊन बघू का?"

"बघा की," त्या म्हणाल्या.

बाईंनी चपला काढून पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या. पिशवी पोटावर घेतली आणि मधल्याच एका पलंगावर आडव्या झाल्या, सरळ, छताकडे बघत. पलंगाने आवाज केला नाही. माझाच पलंग तो. मी पुढचे बोल्ट आवळायला गेलो.

थोड्या वेळाने वळून बघितलं, तर बाईंना झोप लागलेली. साधी डुलकी नाही, गाढ. तोंड थोडं उघडं, पिशवी एका बाजूला कललेली. दोन मुली त्यांच्याच पायाशी बसून भांडत होत्या, तिसरी त्यांच्या डोक्यावरून चौथीला कंगवा फेकत होती, आणि या झोपलेल्या.

अधीक्षिकाबाई कागद घेऊन आल्या. बघितलं आणि मुलींवर डोळे वटारले. "शूऽऽ! आजी झोपल्यात ना! एकदम गप्प!"

खोली गप्प झाली. मुलीसुद्धा अशा, की एकदम गप्प म्हणजे एकदम. पंख्याचा आवाज तेवढा.

आणि बाई दचकून उठल्या.

"काय झालं? सगळ्या कुठे गेल्या?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "तुम्हाला झोप लागलेली. तुमची झोपमोड होऊ नये म्हणून गप्प झाल्या."

त्यांनी पदर सारखा केला, चष्मा चाचपला. लाजल्या. मग मला ऐकू जाईल एवढंच बोलल्या. "नौपाड्याला आमच्या चाळीच्या खोलीत किती माणसं झोपायची कोण जाणे. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. कोणी घोरतंय, कोणी बडबडतंय. तेव्हा लागायची अशी. आता घरी फार शांत असतं हो, मेस्त्री. रात्रभर कान उघडेच राहतात."

मी पाना खिशात घातला आणि मुलींकडे वळलो.

"अगं, गप्प काय बसलात? तो खिडकीजवळचा शेवटी कोणाचा ठरला?"

मुलींनी एकदा अधीक्षिकाबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मग सगळ्या एकदम सुटल्या. माझा, माझा, हिने आधी बसून घेतला, बाई ही खोटं बोलते.

"अहो मेस्त्री, सही राहिली," कर्णिकबाई म्हणत होत्या. "टेंपो थांबलाय. त्याला परत डोंबिवली गाठायचीय."

"गाठेल. तुम्ही पडा."

"बरं दिसतं का ते?"

"पडा म्हणतो ना."

त्या जराशा टेकल्या. मग पूर्ण आडव्या झाल्या. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"काका, माल उतरला ना? निघायचं?"

आतून मुलींचा गलका ऐकू येत होता.

"थांब रे," मी म्हटलं. "पलंगाची चाचणी चालू आहे."